काकांचा बारा-सी आणि ड्रायरचा घसारा

बँकेने पुढच्या सात वर्षांचा डेप्रिसिएशनचा, म्हणजे मशीनची किंमत दरवर्षी किती कमी धरायची त्या घसाऱ्याचा, चार्ट मागितला, तिथून हे सगळं सुरू झालं. आमचं गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून थोडं आत, काजू बिया फोडायचं छोटं युनिट आहे, बाबांच्या नावावर, दहा-बारा बायका कामाला, सीझनला थोड्या जास्त. बी वाफवायचा छोटा बॉयलर, बेबी बॉयलर, जुना झाला होता, नवीन घ्यायचा तर लोन लागणार, आणि लोनसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट. मी आठवडाभर पणजीला नोकरी करते आणि शनिवार-रविवार घरी आले की युनिटचे हिशोब बघते, त्यामुळे बाबांनी बँकेचा कागद सरळ माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बाय, हे तुझं."

हे २०२३ च्या जुलैतलं. पाऊस असा लागला होता की शनिवारी दुपारी लाईट गेली ती रविवारी सकाळीच आली. लॅपटॉपची बॅटरी संपली, मोबाईल वीस टक्क्यांवर, आणि बँकेला सोमवारी सकाळी कागद द्यायचा होता. तेव्हा मला कपाटातला काकांचा कॅल्क्युलेटर आठवला. काका मस्कतला एका बँकेत बरीच वर्षं होते, २०१९ ला गेले, आणि काकूने त्यांच्या वस्तू वाटताना हा मला दिला होता, "तू हिशोबातली आहेस, तूच ठेव" म्हणून. एचपी १२सी. आडवा, काळ्या बॉडीवर सोनेरी पट्टी, एका कीवर सोनेरी एफ आणि दुसरीवर निळा जी. हा कॅल्क्युलेटर १९८१ साली बाजारात आला आणि अजूनही नवीन मिळतो, हे मला नंतर कळलं. काकांचा जुन्यातला आहे, त्यात तीन बटण सेल लागतात, ते मी आधीच म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेले होते तेव्हा एका घड्याळवाल्याकडून घालून आणले होते, नुसतं चालू राहावं म्हणून. वापरला मात्र कधीच नव्हता, कारण ह्याला बरोबरची कीच नाही.

खरंच नाही. दोन आणि तीनची बेरीज करायची तर दोन, एंटर, तीन, प्लस. आधी आकडे द्यायचे आणि मग काय करायचं ते सांगायचं. ह्याला रिव्हर्स पोलिश नोटेशन म्हणतात, यान लुकासेविच नावाचे पोलंडचे एक तर्कशास्त्रज्ञ होते, त्यांनी चिन्ह आधी आणि आकडे नंतर लिहायची पद्धत काढली होती, ती उलटवली म्हणून रिव्हर्स. पहिली दहा मिनिटं हात अडखळतो, पण मग लक्षात येतं की आपण तोंडाने हिशोब सांगतो तो असाच, "पाचशे आणि दोनशे, मिळवा".

आता चार्ट. आम्ही २०२२ ला नवीन ड्रायर घेतला होता, स्वतःच्या पैशाने, एफडी मोडून. काजूत ड्रायर म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बी वाफवून फोडली की आतला गर ओलसर असतो आणि त्यावर तांबूस साल घट्ट चिकटलेली असते, ती सुटावी म्हणून गर ट्रेमध्ये पसरून गरम हवेत सुकवतात. उष्णता कमी पडली तर साल सुटत नाही, जास्त झाली तर गर पिवळा पडतो आणि भाव पडतो. जुना ड्रायर १९९८ चा होता, एका कोपऱ्यातले ट्रे कायम पिवळे यायचे आणि बायका ते ट्रे दर अर्ध्या तासाने उचलून जागा बदलायच्या, म्हणून नवीन घेतला.

मोबाईलवर १२सीच्या मॅन्युअलची पीडीएफ उघडली, डेप्रिसिएशनचं पान काढलं आणि मोबाईल बंद व्हायच्या आत वहीत उतरवून घेतलं. तीन पद्धती आहेत. % टी च्या कीवर सोनेरी अक्षरात एसएल, म्हणजे स्ट्रेट लाइन, दरवर्षी सारखी रक्कम. शेजारच्या कीवर एसओवायडी, त्यात वर्षांच्या आकड्यांची बेरीज करून सुरुवातीला जास्त आणि नंतर कमी असा हिस्सा पाडतात. आणि % च्या कीवर डीबी, डिक्लायनिंग बॅलन्स, उरलेल्या किमतीवर टक्के, म्हणजे आपण ज्याला डब्ल्यूडीव्ही म्हणतो ती. इन्कम टॅक्सला आपल्याकडे मशिनरीवर १५ टक्के डब्ल्यूडीव्ही चालतं, फर्निचरला १०, कॉम्प्युटरला ४०. मशिनरीचा १५ मला पाठ होता.

किंमत पीव्ही मध्ये, शेवटी उरणारी किंमत एफव्ही मध्ये, आयुष्य एन मध्ये, दर आय मध्ये, मग कितवं वर्ष तो आकडा आणि एफ डीबी. मी मेणबत्तीच्या उजेडात ड्रायरची किंमत म्हणून ६४०००० पीव्ही, ० एफव्ही, १० एन, १५ आय असं सगळं घातलं, १ दाबलं, एफ डीबी दाबलं आणि स्क्रीनवर आलं ९,६००.००.

मला वाटलं शून्य गळलं. परत घातलं, परत ९,६००. सहा लाख चाळीस हजाराचे पंधरा टक्के ९६,००० होतात हे तोंडी कळतं, आणि समोर त्याच्या बरोबर दहावा भाग. आकडा बरोबर दहा पटीने कमी आलाय म्हणजे कुठेतरी दहाने भागलं जातंय, आणि दहा मी एकाच जागी घातलेत, एन मध्ये. मग वहीतली ओळ पुन्हा वाचली. आय मध्ये दर घालायचा नसतोच! तिथे फॅक्टर घालायचा असतो, म्हणजे स्ट्रेट लाइनच्या दराच्या किती टक्के. दहा वर्षांचं आयुष्य धरलं तर स्ट्रेट लाइनचा दर १० टक्के, आपल्याला हवाय १५, म्हणजे दीडपट, म्हणजे आय मध्ये १५०. मी १५ घातले म्हणून त्याने दहा टक्क्यांचे पंधरा टक्के काढले, दीड टक्का. अमेरिकेत लोक डबल डिक्लायनिंग म्हणतात ते २००, त्यांच्या सवयीने ही की केलेली आहे, आपल्या इन्कम टॅक्समध्ये मात्र दर सरळ लिहिलेला असतो, आयुष्य नाही.

१५० घातल्यावर ९६,००० आले. खात्रीसाठी एन २० आणि आय ३०० करून बघितलं, तेच ९६,०००. म्हणजे आयुष्य किती धरलं ह्याला इथे अर्थ नाही, आय भागिले एन पंधरा आलं की झालं. हे कळलं तेव्हा खूप बरं वाटलं, कारण त्या दोन कीमधलं नातं आता माझ्या हातात आलं होतं. मग २ एफ डीबी, ८१,६००. ३ एफ डीबी, ६९,३६०. आणि प्रत्येक वेळी एक्स-वाय अदलाबदलीची की दाबली की उरलेली रक्कम, ५,४४,०००, ४,६२,४००, ३,९३,०४०.

इथे एक सावधगिरीची गोष्ट, जी मला दुसऱ्या दिवशी आतेभावामुळे कळली. अदलाबदलीच्या कीवर दिसते ती बुक व्हॅल्यू, म्हणजे पुस्तकात मशीनची उरलेली किंमत, नसते, अजून जेवढा घसारा काढायचा बाकी आहे ती रक्कम असते. एफव्ही शून्य असेल तर दोन्ही सारख्याच. पण एफव्ही मध्ये काही घातलं असेल तर बुक व्हॅल्यूसाठी ती परत मिळवावी लागते, आरसीएल (साठवलेला आकडा परत बोलवायची की) एफव्ही प्लस. तो वेर्णाच्या एका प्रायव्हेट लिमिटेडच्या अकाउंट्समध्ये आहे आणि त्यांचं कंपनी कायद्याच्या शेड्युल दोनने चालतं, तिथे मशिनरीचं आयुष्य १५ वर्षं आणि शेवटची किंमत जास्तीत जास्त ५ टक्के. माझाच ड्रायर त्यांच्या पद्धतीने धरला तर ५ टक्के म्हणजे ३२,०००, आणि एसएलने दरवर्षी ४०,५३३.३३. पहिल्या वर्षानंतर की दाबली की दिसतात ५,६७,४६६.६७, बॅलन्स शीटला मात्र ५,९९,४६६.६७ हवेत. बत्तीस हजाराचा फरक राहून गेला तर जमाखर्च जुळत नाही आणि माणूस रात्रभर शोधत बसतो.

आता खरी गोष्ट, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. आकडे यायला लागल्यावर मी मेणबत्तीजवळ फाईल घेतली, आमच्या टॅक्सवाल्यांनी २०२२-२३ चं रिटर्न भरायच्या आधी जो ड्राफ्ट पाठवला होता तो काढला, त्यातला घसारा माझ्याशी जुळतोय का बघावा म्हणून. नाही जुळला. आणि एका जागी नाही, दोन जागी.

पहिली जागा किंमत. ड्राफ्टमध्ये वेगळाच आकडा होता आणि मी बिल काढलं तर लगेच कळलं. मशीन ६,०५,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,०८,९००, एकूण ७,१३,९००, तोच आकडा सरळ उचलला होता. पण त्या जीएसटीचं क्रेडिट आम्ही घेतलं होतं, म्हणजे तेवढा कर आम्ही भरायच्या जीएसटीतून वजा करून घेतला होता. ज्या कराचं इनपुट क्रेडिट घेतलं त्यावर घसाराही घेता येत नाही, दोन्हीतलं एकच मिळतं. आणि उलट, ड्रायर आणायचं गाडीभाडं २२,००० आणि खाली काँक्रीटचा पाया घातला त्याचे १३,००० हे दोन्ही किमतीत धरायला हवे होते, कारण त्याशिवाय मशीन चालूच झालं नसतं, ते खर्चात पडले होते. ६,०५,००० अधिक ३५,०००, असे माझे ६,४०,०००. ही चूक मी फोन करून सांगितली आणि त्यांनी ती लगेच मान्य केली.

दुसरी जागा तारीख. बिल १२ सप्टेंबर २०२२ चं. कायदा म्हणतो की त्या वर्षात मशीन १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर पहिल्या वर्षी दर निम्मा. विकत कधी घेतलं हे नाही, वापरात कधी आणलं हे. ड्राफ्टमध्ये १२ सप्टेंबर धरून पूर्ण १५ टक्के लावले होते. आणि मला पक्कं आठवत होतं की सप्टेंबरमध्ये ड्रायर शेडमध्ये ताडपत्रीखाली उभा होता, कारण विजेचा लोड वाढवून मिळायचा होता, आणि दसरा गेला, दिवाळी गेली आणि तो तसाच.

"बाबा, ड्रायर कधी लागला?" म्हणून विचारलं. बाबा बाहेरच्या खोलीत कंदिलाजवळ बसले होते. काही न बोलता आत गेले आणि पिशवीतून डायरी घेऊन आले. बाबा शिकलेले सातवीपर्यंत, पण रोज रात्री डायरी लिहितात, किती किलो बी वाफवली, किती गर निघाला, तुकडा किती, कोण आली नाही. पान सापडलं, बॉलपेनने जोर देऊन लिहिलेलं, "२० नोव्हेंबर. ड्रायर चालू. पहिले १२ ट्रे. गर चांगला आला." रविवार होता तो, मीही घरी होते, पहिल्या ट्रेमधला गर बाबांनी देवासमोर ठेवला होता ते मला तेव्हा आठवलं.

१२सी मध्ये तारखांमधले दिवस मोजायची सोय आहे. मी २०.११२०२२ घालून एंटर केलं, ३१.०३२०२३ घातलं, जी आणि ईईएक्स दाबलं आणि आलं एरर ८. हा कॅल्क्युलेटर मुळात अमेरिकन पद्धतीने महिना आधी धरतो, आणि विसावा महिना नसतो. जी आणि ४ दाबलं की खाली डी.एमवाय अशी बारीक अक्षरं येतात, मग दिवस आधी. परत घातलं, १३१ आले. हा फरक झाला, पहिला दिवस धरून १३२. बिलाच्या तारखेने केलं तर २०० आणि १ मिळून २०१. म्हणजे बिलावरून बघणाऱ्याला ते १८० च्या वर दिसतं आणि शेडमध्ये उभं राहून बघणाऱ्याला खाली. साध्या वर्षात ३ ऑक्टोबरला वापर सुरू झाला तर ३१ मार्चला बरोबर १८० भरतात, हेही मी तिथेच काढून घेतलं आणि बाबांच्या डायरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं.

आता अर्ध्या दराचं १२सी ला कसं सांगायचं? त्याचं डीबी पूर्ण वर्षच धरतं, अपुऱ्या वर्षासाठी मॅन्युअलमध्ये वेगळा प्रोग्रॅम दिलाय, तो टाईप करत बसायची माझी तयारी नव्हती. आणि त्याची गरजही नाही, कारण % ची की आहे. ६४०००० एंटर, ७.५ %, स्क्रीनवर ४८,०००, वजाबाकीची की, ५,९२,०००. लगेच १५ %, ८८,८००, वजा, ५,०३,२००. १५ %, ७५,४८०, वजा, ४,२७,७२०. १५ %, ६४,१५८, वजा, ३,६३,५६२. ही की टक्के काढल्यावर मूळ रक्कम विसरत नाही, मागे धरून ठेवते, म्हणून नुसतं वजा म्हटलं की पुरतं. १५, टक्के, वजा, लिही. १५, टक्के, वजा, लिही. पाऊस कौलांवर पडत होता आणि मी हे करत होते, आणि काका मस्कतला बसून हेच करत असतील असं सारखं वाटत होतं, कारण % आणि वजाच्या कीवरची अक्षरंच सगळ्यात जास्त पुसट झालीत.

ह्या पद्धतीचा दुसरा फायदा असा की इन्कम टॅक्समध्ये एकेका मशीनचा घसारा काढतच नाहीत. एकाच दराच्या सगळ्या मशिनरीचा मिळून एक ब्लॉक असतो. आमच्या ब्लॉकची १ एप्रिलची शिल्लक ४,१८,०००. जूनमध्ये ग्रेडिंगचं टेबल आणि काटा घेतला ५२,०००. जुना १९९८ चा ड्रायर भंगारात गेला, ३५,००० आले, ते ब्लॉकमधून वजा. राहिले ४,३५,०००, त्याचे १५ टक्के ६५,२५०. नव्या ड्रायरचे ४८,०००. एकूण १,१३,२५० आणि वर्षअखेर शिल्लक ९,६१,७५०. किंमत दुरुस्त करूनसुद्धा ड्राफ्टच्या पद्धतीने, म्हणजे पूर्ण दराने, हेच १,६१,२५० होत होते. ४८,००० चा फरक, एवढा घसारा आम्ही जास्त दाखवणार होतो आणि नफा तेवढा कमी.

सोमवारी मी पुन्हा फोन केला. समोरून उत्तर आलं की सगळे बिलाचीच तारीख धरतात, कोण विचारतंय. मला राग आला, आणि अजूनही येतो. सही बाबांची असणार, उद्या नोटीस आली तर ती बाबांच्या नावाने येणार आणि सातवी शिकलेला माणूस, ज्याने खरी तारीख स्वतःच्या हाताने लिहून ठेवलीय, तो खोटा ठरणार. मी म्हटलं डायरी आहे, विजेचं बिल आहे, त्यात नोव्हेंबरनंतर युनिट वाढलेले दिसतात, निम्माच दर लावा. लावला त्यांनी. ३१ जुलैच्या आत रिटर्न गेलं.

बाबांना वाटलं की अठ्ठेचाळीस हजार बुडाले. तसं नाही हे समजवायला मला तासभर लागला आणि त्याच कॅल्क्युलेटरवर समजवलं. पूर्ण दर घेतला असता तर दुसऱ्या वर्षी ८१,६०० मिळाले असते, निम्मा घेतल्यामुळे ८८,८०० मिळतील, म्हणजे ७,२०० जास्त, तिसऱ्या वर्षीही ६९,३६० च्या जागी ७५,४८०. गेलेलं नाही, पुढे सरकलंय, दरवर्षी थोडं थोडं परत येतं. मग बाबांनी तो प्रश्न विचारला जो मला वाटतं प्रत्येक धंदा करणारा माणूस कधीतरी विचारतो, "पण हे पैसे आपण देतो कोणाला?"

कोणालाच नाही. एफडी मोडली तेव्हाच पैसे गेले. घसारा म्हणजे त्या गेलेल्या पैशातला ह्या वर्षीचा भाग ह्या वर्षीच्या गराच्या कमाईसमोर लिहायचा, एवढंच. म्हणून बँकेच्या मॅडमनी चार्ट बघितल्यावर सगळ्यात आधी काय केलं तर निव्वळ नफ्यात घसारा परत मिळवला. डीएससीआर नावाचं गुणोत्तर काढतात, नफा अधिक घसारा अधिक टर्म लोनचं व्याज, भागिले ते व्याज अधिक वर्षाचे मुद्दलाचे हप्ते. युनिट आपल्या कमाईतून हप्ता भरू शकेल का हे त्यावरून कळतं. नफा कागदावर कमी दिसला तरी हातात रोख किती राहते ते तिथे दिसतं.

मी बाबांना आणखी एक काढून दाखवलं. ०.८५ एंटर १०, वाय वर एक्सची म्हणजे घात काढायची की, ६४०००० गुणिले. पहिल्या वर्षापासून पूर्ण दर धरला तर दहा वर्षांनी पुस्तकात ड्रायर सुमारे १ लाख २६ हजाराचा राहील. डब्ल्यूडीव्ही कधी शून्य होत नाही, नुसतं लहान होत जातं. बाबा म्हणाले, जुन्याचे तर पस्तीस हजार आले, तेही लोखंडाच्या वजनाने. मग स्वतःच हिशोब करत म्हणाले की आपण आधीच्या ड्रायरच्या वेळी दरवर्षी असे पैसे बाजूला टाकले असते तर ही एफडी मोडावी लागली नसती. ते बोलले आणि गप्प झाले. त्या वर्षांत आमची तिघा भावंडांची शिक्षणं झाली, ते पैसे तिथे गेले, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

वर ज्याचं नाव निघालं तो आतेभाऊ रविवारी दुपारी आला होता, तोवर लाईट आली होती. तो सीएफए ह्या फायनान्सच्या परीक्षेची तयारी करतोय आणि त्या परीक्षेला दोनच जातीचे कॅल्क्युलेटर चालतात, १२सी आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस, त्याच्याकडे दुसरा. "ताई, तू टक्के-वजा करत काय बसलीस, माझ्यात अपुरं वर्षपण होतं," म्हणून त्याने दाखवलं. सेकंड आणि ४ दाबलं की डेप्रिसिएशनची वर्कशीट उघडते, आधी एसएल दिसतं, सेकंड सेट दाबत दाबत डीबी पर्यंत जायचं, तिथे १५०. मग खालच्या बाणाने उतरत एलआयएफ म्हणजे आयुष्य १०, एमओ१ म्हणजे सुरुवातीचा महिना, सीएसटी म्हणजे किंमत ६४००००, एसएएल म्हणजे शेवटी उरणारी किंमत ०. प्रत्येक आकड्यानंतर एंटर दाबलंच पाहिजे, नुसता टाईप करून खाली उतरलं तर जुनाच आकडा राहतो, तो म्हणाला की ह्यात त्याचे कितीतरी सराव पेपर चुकलेत.

एमओ१ मध्ये त्याने पटकन ११ घातले, नोव्हेंबर म्हणून, आणि १६,००० आले. इथे मी त्याला थांबवलं. त्या कॅल्क्युलेटरचं वर्ष जानेवारीला सुरू होतं, १३ वजा महिना भागिले १२ असा हिस्सा तो पहिल्या वर्षाला देतो, आणि आपलं वर्ष एप्रिलला. एप्रिलला १ धरलं तर नोव्हेंबर ८ येतो, तेव्हा ४०,०००. पण आपला टॅक्सचा नियम महिन्यावर चालतच नाही, एकतर पूर्ण नाहीतर निम्मा. निम्मं हवं तर महिना कुठलाही असो, ७ घालायचे, सहा भागिले बारा. ७ घातले आणि आले ४८,०००, दुसऱ्या वर्षाला ८८,८००, माझ्या वहीशी पैशापर्यंत जुळले. आम्ही दोघं केवढे खूश झालो! त्याच्या मशीनवर आरबीव्ही आणि आरडीव्ही अशा दोन वेगळ्या ओळी येतात, उरलेली बुक व्हॅल्यू आणि उरलेला घसारा, तिथूनच बत्तीस हजाराची ती वरची गोष्ट निघाली.

नंतर त्याच्या कंपनीसाठीचा डब्ल्यूडीव्हीचा दर कसा येतो तेही १२सी वर काढलं, त्यांच्याकडे १५ वर्षांना १८.१० टक्के लावतात आणि हा आकडा कुठून आला हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. .०५ एंटर १५, एक भागिले एक्स, वाय वर एक्स, मग १, अदलाबदल, वजा, १०० गुणिले. १८.१०. पाच टक्के उरेपर्यंत पंधरा वर्षं एकाच दराने उतरायचं तर दर किती, एवढाच प्रश्न आहे तो. आठ वर्षांच्या गाडीला ३१.२३, तीन वर्षांच्या कॉम्प्युटरला ६३.१६, सगळे त्याच सहा-सात कीमधून.

चार्ट सोमवारी गेला, हाताने लिहिलेला, आणि मंगळवारी मी तो पणजीहून टाईप करून पाठवला. लोन ऑगस्टअखेर मंजूर झालं. बॉयलर आला तेव्हा चतुर्थी तोंडावर होती, फिटिंगवाले म्हणाले चतुर्थी झाल्यावर निवांत येतो, ऑक्टोबरमध्ये. बाबांनी डायरीचं मागचं पान उघडून त्यांना तारीख दाखवली. ते वर्ष लीप, फेब्रुवारी एकोणतीसचा, म्हणजे एक दिवस जास्त होता, ४ ऑक्टोबरपर्यंत चाललं असतं, पण बाबांना काठावर काही नको होतं. २६ सप्टेंबरला मंगळवारी मी ऑफिसला जायला बसमध्ये होते तेव्हा त्यांचा फोन आला, मागे वाफेचा आवाज येत होता.

"बाय, पेटला. सव्वाआठ वाजता. मी लिहिलंय, तूपण लिही."

मी पर्समधून १२सी काढला, २६.०९२०२३ एंटर, ३१.०३२०२४, जी, ईईएक्स. १८७, आणि १ मिळून १८८.